मनोऱ्याचं दार आणि मधे अडकलेला मी

"हात नको लावूस त्याला! आधीच एकाने वाट लावलीय त्याची!"

"नाव घेऊन बोल ना, दादा. घाबरतोस कशाला?"

मित्रांनो, वाट लागलेला तो मीच. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पिवळा पडलोय, एका बाजूचं झाकण गायब. माझ्यासमोर हे दोघं सख्खे भाऊ भांडतायत. थोरला घड्याळं दुरुस्त करतो, मी त्याच्या घरात असतो. धाकटा पावाची गाडी चालवतो. आज तो गाव सोडून कायमचा चाललाय, सामानाचा टेम्पो यायचाय. दारातच उभाय, बूटही काढले नाहीत. हातात एका जुन्या गेमची सीडी. म्हणे, "तुझी वस्तू परत करायला आलोय." मला नाही पटलं. जाता जाता चार शब्द ऐकवायला आला असणार.

माझा तसा कुणावरच विश्वास नाही. कसा असेल? एका बोळातल्या दुकानात मला जुळवलं, तेव्हा पंखा एकाचा, मेमरी दुसऱ्याची, आणि दुकानदार म्हणतो, "एकदम नवा माल!"

पण दिवस चांगले होते. दोघं भाऊ एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचे. गेममध्ये सहा योद्धे, तीन याचे, तीन त्याचे. भुयारं, राक्षस, जादूगार. "काय मशीन आहे यार!" म्हणून माझ्या डोक्यावर थापा मारायचे. मग ते मनोऱ्याच्या दाराशी पोचले. दार उघडायचा खटका ओढला आणि पडदा काळा. परत ओढला, परत काळा.

थोरला म्हणाला, "तू खेळाच्या फाइलमध्ये चोरून सोनं वाढवलंस. ती बिघडली."

धाकटा म्हणाला, "तूच तुझ्या कुठल्या मित्राची सीडी घातलीस. व्हायरस आणलास."

मला तोंड असतं तर दोघांना तिथेच झापलं असतं. अबोला धरला तो धरलाच. वाटणी काय केली ऐका. मी थोरल्याकडे, सीडी धाकट्याकडे. म्हणजे तू पण खेळू नकोस, मी पण नाही! मग माझ्या डोक्यावर घड्याळांचे पट्टे आले, चहाचे कप आले, शेवटी एक कुंडी आली. तीही गळकी.

आता थोरल्याची मुलगी पुढे आलीय. ताई म्हणतो मी तिला. चष्म्याच्या दुकानात काम करते, नजर एकदम बारीक. तिच्यावर माझा दाट संशय. परवा फोनवर भंगारवाल्याशी बोलत होती, मी ऐकलंय. म्हटलं, झालं, आपला नंबर लागला. तर हिने त्याच्याकडून सीडी वाचणारा खण आणला आणि माझा मेलेला काढून तो बसवला. तरी मी सावधच.

तिने काकाच्या हातातली सीडी घेतली. जुन्या फोल्डरला बोट लावलं नाही. शेजारी नवीन फोल्डर केलं, त्यात गेम कोरी टाकली. मग पेन ड्राइव्हवरून कुणीतरी अर्धवट खेळून साठवलेला खेळ उघडला. तेच दार. समोर सहा अनोळखी योद्धे.

"हे कुणाचे?" थोरल्याने विचारलं.

"नेटवरच्या कुणाचेतरी. तुम्ही दोघं त्याला ओळखत नाही."

तिने खटका ओढला. पडदा काळा.



"पण याने तर..." धाकटा अडखळला.

"याने काहीच केलेलं नाही, काका. तुम्ही पण नाही आणि बाबांनी पण नाही. बनवणाऱ्यांचीच चूक. सहा जण घेऊन जो त्या दाराशी गेला, त्याचं हेच झालं. लोकांनी नंतर दुरुस्ती काढली."

थोरल्याने चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो.

मग ती दुरुस्ती, पॅच म्हणतात त्याला. आधी कंपनीचा जुना टाकायचा, त्यावर लोकांनी बनवलेला. उलटं केलं की सगळं मुसळ केरात. दुसऱ्या पॅचला माझा अँटीव्हायरस बोंबलायला लागला. बरोबरच आहे, मलाही तो धड वाटत नव्हता.

"अगं, ओरडतोय तो!" थोरला.

"अनोळखी दिसला की ओरडतोच तो. तुमच्यावर गेलाय. मी दोन ठिकाणी तपासून आणलाय हा." मग हळूच म्हणाली, "फक्त एक. तुमचा जुना खेळ यावर चालणार नाही. पहिल्यापासून खेळावं लागेल."

धाकटा बाहेर बघत राहिला. मग खिशातून फोन काढला. "टेम्पोवाले, आज नको हो. उद्या या." आणि बूट काढले.

खुर्ची एकच. अर्धा अर्धा बसले. आता दोघं चांगलेच जाड झालेत.

"माऊस माझ्याकडे," थोरला म्हणाला.

"का? गेल्या वेळी मनोऱ्यापर्यंत कुणी आणलं होतं?"

"तू? तुझे तिघं पहिल्या पुलावरच मरायला टेकलेले!"

घ्या. परत सुरू.

मित्रांनो, काही बिघडलं की शेजारच्याची कॉलर धरू नका. आधी एकदा कोरं टाकून बघा. आणि आमच्यासारख्यांच्या डोक्यावर कुंड्या ठेवू नका, झाकण असेल तर लावा. त्या पॅचवर माझा अजून भरवसा नाही, सांगून ठेव...

पॅच लागू व्हावा म्हणून ताईने रीस्टार्ट दाबलं. मला आता जायला हवं.