दुप्पट खळ

पंचाहत्तर साली कोन गावाजवळ सरकारने एक बंद खोली बांधली. बंदूक झाडली की किती धूर निघतो, ते तिथे मोजणार होते. धूर गाळायला यंत्रमागवाल्या सादिकशेठचं कापड पास झालं, तर त्याचे बंद पडलेले चार लूम सुरू होणार होते. सरकारी काम म्हणून त्याने सुताला कांजीची खळ दुप्पट चढवली.

धडाम! बार झाला. खळीने छिद्रं बुजून कापडातून हवाही जाईचना.

"शेठ, हे गाळणं आहे की भिंत?" मोजणीवरचे सरकारी साहेब ओरडले.

सादिक पुढे झाला. "साब, खळीत आपन कंजुषी करत न्हाय!"

साहेबांनी कापडावर फुंकर मारली; ती पार जाईना, तशी त्यांनी आनंदाने उडीच मारली. दाराच्या फटींतून धूर पळायचा, म्हणून वर्षभर मोजणी अडली होती. "फटींना हेच लावा! दोनशे वार!"

सादिक लूमकडे धावत सुटला. धूर आता गाळायचा कशातून, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.