चार मिनिटं वीस सेकंदांची विचारपूस

नाबुकेराबाईंनी आधी पडद्याकडे बघितलं, मग किगोंगोकडे, मग परत पडद्याकडे. पडद्यावर सून अंगणात आली, रीतीप्रमाणे लांबूनच गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा, बरे आहात ना? तुमचा मुलगा गेला." सासरा रडायला लागला. एकूण अकरा सेकंद.

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे, बाई?"

"विचारपूस. चार मिनिटं वीस सेकंद होती. सांडली का वाटेत?"

"काढली," किगोंगो म्हणाला. दाताच्या डॉक्टरनं दाढ काढल्यावर बोलावं तसा म्हणाला, आता तुम्हाला बरं वाटेल.

किगोंगो सिनेमा नव्यानं कापायला-जोडायला कंपालाहून आला होता, बत्तीस वर्षांचा होता आणि नम्र होता. नम्र माणसावर ओरडता येत नाही, याचाही बाईंना राग आला. त्याच्या मागे सेमांडा उभा होता. सेमांडा म्हणजे दिग्दर्शक लुतायाचा मुलगा, बाईंना आत्या म्हणायचा. लुताया जाऊन सहा वर्षं झाली होती. 'ओबुबाका', म्हणजे 'निरोप', हा लुतायाचा एकुलता एक सिनेमा. अठ्ठ्याण्णव साली इथेच मसाका गावात लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा मागून आणून त्यानं तो काढला, आणि नाबुकेराबाईंनी दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून, बोटानं बटणं दाबदाबून तो जोडला.

गोष्ट एवढीशी. नवरा गेल्याचा निरोप घेऊन सून कंपालाहून सासरी निघते. लॉरी, पंक्चर, होडी, मधेच एक स्वप्न, परत लॉरी. अखेर पोचते आणि विचारपूस सुरू होते. दिवस कसा गेला? बरा गेला. केळीची बाग? आहे. तिकडची मंडळी कशी आहेत? "आहेत," सून म्हणते. म्म्म, सासरा म्हणतो. म्म्म, सून म्हणते. एकानं म्म्म केलं की दुसऱ्यानं करायचं, आणि कुणीतरी थांबेपर्यंत करत राहायचं. या सिनेमात कुणी लवकर थांबतच नाही.

त्या एका "आहेत"वरून मसाकात पंचवीस वर्षं दोन तट पडलेले होते. एक म्हणायचा, ही बाई दगडाच्या काळजाची. नवरा शवागारात, आणि सासऱ्याच्या तोंडावर "आहेत" म्हणते! दुसरा म्हणायचा, अरे, म्हाताऱ्याला आणखी चार मिनिटं मुलगा असू दिला तिनं, तुमच्यानं झालं असतं का? या सिनेमापायी घरं मोडली असं लोक सांगतात. ते खोटं आहे. एकच मोडलं. तिसरा तट कंपालातल्या शिकलेल्यांचा. ते या प्रसंगाला 'काळाचा धाडसी वापर' म्हणायचे. बाईंना सगळ्यात जास्त चीड त्यांची. काळ बाईंनी वापरला नव्हता, सिनेमातल्या माणसांनी घालवला होता, जसा लोक घरीदारी रोज घालवतात.

"आत्या," सेमांडा म्हणाला, "परदेशातल्या महोत्सवाला नव्वदच मिनिटं चालतात. आपला सिनेमा दोन तास सात मिनिटं. आणि कागदावर अर्धी मालकी तुझी. तुझी सही नसेल तर जात नाही."

"मग लॉरी काप."

"लॉरी कापलीच, बाई," किगोंगो म्हणाला. "लॉरी फार लांब होती."

हे बाईंना अठ्ठ्याण्णव सालीच कळलं होतं. पण लॉरीवाल्यानं गाडी फुकट दिली होती, आणि गाडी दिसत नाही तोवर तो खोलीतून हलायला तयार नव्हता.

"माझं नाव त्या अकरा सेकंदांवर लागणार?" त्या कडाडल्या. "उद्या कुणी म्हणेल, नाबुकेरानं सुनेला वळण लावलं नाही! गाढवसुद्धा अंगणात शिरताना आधी कान हलवतं रे!"

"आत्या, आपलं भांडण लोकांवर सोडू," सेमांडा म्हणाला. "रविवारी दुपारी आपल्या न्येंडो भागातल्या हॉलमध्ये लावतो. आवडला तर सही करशील?"

"करीन की," बाई म्हणाल्या. निकाल त्यांना ठाऊकच होता.

रविवारी हॉलच्या बाकांवर मुंगीला जागा नव्हती. किगोंगोनं कापलेली नवी प्रत सुरू झाली आणि पहिल्या अर्ध्या तासातच बाईंना निकालाची खात्री वाटेना, कारण सिनेमा चांगला चालला होता. लॉरी निघाली आणि पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. होडी गेल्याचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी मनातल्या मनात लोकांना बेइमान म्हटलं.

मग सून अंगणात आली. सव्वाशे माणसं सरसावून बसली. सगळ्यांना पाठ होतं. तिनं गुडघे टेकले तसा हॉल एका आवाजात म्हणाला, "दिवस कसा गेला?" पडद्यावर सासरा रडायला लागला होता. हॉल म्हणाला, "बरा गेला." पडद्यावर खड्डा खणत होते. "तिकडची मंडळी कशी आहेत?" हॉलनं विचारलं, आणि "आहेत," असं मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून स्वतःच उत्तर दिलं. "म्म्म," मागचे बाक म्हणाले. "म्म्म," पुढचे म्हणाले, जरा बिचकत. मग एकेक आवाज गळत गेला. शेवटी एकच म्हातारा म्म्म करत राहिला, तोही शेजाऱ्यानं ढोसल्यावर थांबला.

दिवे लागले आणि कल्ला झाला.

थांबवलेला म्हातारा, कॉफीच्या मळ्याचा मालक कायिवा, बाकावर चढला. "बातमी सांगायची ही रीत? आमच्याकडे गाय मेली तरी आधी जेवलास का विचारतात!"

"बसा हो आजोबा," एक तरुण बाई म्हणाली. ती नान्तुमे, सरकारी दवाखान्यातली नर्स. "तुम्हाला काय जातंय? असले निरोप आठवड्यातून तीनदा मी देते. लांबवलं की समोरच्याची आशा फुगते. हीच सून बरी. बोलून मोकळी झाली."

निम्म्या हॉलनं टाळ्या दिल्या. 

"आणि तू, पोरी," कायिवानं विचारलं, "गेल्या गेल्या फटकन सांगतेस? विचारपूस नाही?"

"करते ना. झोप लागली का, जेवलात का."

"कुठवर?"

"समोरचं माणूस थांबेपर्यंत." नान्तुमेनं कमरपट्ट्याची गाठ सारखी केली. "त्यांना कळलेलं असतं हो. नर्स खुर्ची ओढून समोर बसली की कळतंच. मग तेच विचारत राहतात. तुझं गाव कुठलं, पोरंबाळं कशी आहेत. मी नाही लांबवत, ते लांबवतात. जुन्या सिनेमात तो सासरा एकदा लागोपाठ दोन म्म्म करतो बघा, सुनेची पाळी खाऊन. तसं." मग ती पुन्हा ताठ झाली. "तरी माझं मत छोटाच बरा."

सेमांडानं हात वर करायला सांगितले. दोन्ही बाजू इतक्या सारख्या निघाल्या की मोजण्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाबुकेराबाई किगोंगोच्या संगणकासमोर येऊन बसल्या. रात्रभर त्यांना कायिवाचा नाही, त्या नर्सचा राग आला होता. विरोधात बोलली आणि अर्थ मात्र तिलाच कळला. सासरा लांबवतो! पंचवीस वर्षं दोन्ही तट सुनेच्या तोंडाकडे बघून भांडले, आणि जोडणारी बाईसुद्धा तिकडेच बघत बसली.

"लॉरी काढून घे," त्या म्हणाल्या. "होडी काढून घे. स्वप्नाचा तुकडा घे, त्याला माझे नऊ दिवस गेले होते, तरी घे. मला विचारपूस दे. सगळी."

किगोंगोनं वाद घातला नाही. हॉलमधले ते म्म्म त्यानंही ऐकले होते. जुन्या टेपवरून त्यानं प्रसंग उचलला, जागेवर बसवला. एकोणनव्वद मिनिटं झाली. मग तो दोन म्म्मपाशी थांबला, मागे गेला, पुढे आला.

"बाई, हे दोन्ही म्म्म एकच आहेत."

"एकच कसे? दोन ऐकू येतात."

"म्हाताऱ्यामागून कोंबडी जाते बघा. डावीकडून उजवीकडे. आणि आता दुसरा म्म्म. तीच कोंबडी, परत डावीकडून उजवीकडे."

बाईंनी प्रसंग मागेपुढे करायला लावून कोंबडी दोनदा बघितली. पंचवीस वर्षांत कंपालातल्या एकाही शिकलेल्या माणसाला ती कोंबडी दिसली नव्हती.

"बटण अडकलं होतं, तोच तुकडा दोनदा उतरला," त्या म्हणाल्या. हे त्या आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होत्या. "दुरुस्त करणार होते. पण लुताया मागे येऊन उभा होता, त्यानं ते बघितलं आणि डोळे पुसले. आता रडणाऱ्या माणसाला काय सांगू, मशीन बिघडलंय?"

किगोंगोनं दुसरा म्म्म काढून दाखवला. प्रसंग व्यवस्थित झाला. कुठं खटकलं नाही, कुठं अडलं नाही. पाळीपाळीनं सगळं नीट झालं, आणि बाईंचा संताप झाला.

"परत लाव."

"पण ती चूक आहे, बाई. तुम्हीच म्हणालात."

"चूक माझी आहे, तिचा बाप तू नाहीस! लोक त्या जागी गप्प बसतात. त्या नर्स पोरीला मी जाऊन काय सांगू, बये, तू म्हणतेस तो सासरा म्हणजे एक अडकलेलं बटण?"

किगोंगोनं म्म्म परत लावला. मग भीत भीत म्हणाला, "कोंबडी मात्र पुसता येईल. संगणकावर होतं ते. म्म्म दोन राहतील, कोंबडी एकच."

बाईंना नाही म्हणायचं होतं. एक चौकटही हलवू देणार नाही, असं त्यांनी सगळ्या न्येंडोला सांगून ठेवलं होतं. पण कोंबडीशिवाय तो दुसरा म्म्म खरंच म्हाताऱ्याचा वाटला असता. आपल्याच सिनेमात या पोरानं सुधारणा करावी, आणि ती सुधारणा असावी, याच्याइतका अपमान नव्हता.

"पूस," त्या म्हणाल्या. सेमांडाचा कागद पुढे ओढला आणि अशी सही केली की पेन दुसऱ्या पानावर उमटलं.

"पहिली पुसू की दुसरी?" किगोंगोनं विचारलं.

"पहिली," बाई म्हणाल्या.

"दुसरी बरी, बाई."

दुपारपर्यंत यावर दोघांचं जमलं नाही.