गालावरची तीट

मित्रांनो, धुळ्यात देवपूरच्या एका फोटो स्टुडिओत, चादरीखाली झाकून ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. चादर हलली तरी मला धस्स होतं. वाटतं, आज भंगारात.

१९९८ साली जळगावच्या दुकानात मला निवडतानाच वाद झाला. स्टुडिओचे मालक सुकदेवभाऊ, त्यांना माझ्यासोबत मोठे स्पीकर हवे होते. कडेवर तान्ही मुलगी घेतलेल्या त्यांच्या बायको, सुगंधावहिनी, म्हणाल्या, "फोटो करायचेत का वरात काढायचीय?" स्पीकर दुकानातच राहिले, त्याऐवजी मोठी हार्ड डिस्क आली.

सॉफ्टवेअर मात्र भाऊंनी निवडलं. एक बटण दाबलं की चेहऱ्यावरचे सगळे डाग साफ! वहिनींना एकेक डाग बघून काढणारं हवं होतं. "गिऱ्हाईक थांबतं का तेवढं?" भाऊ म्हणाले. मग वहिनींनी एक सवय लावून घेतली. फोटो आत आला की आधी त्याची एक प्रत बाजूला ठेवायची. "बियाणं नाही का आपण वेगळं काढत?" भाऊ हसायचे, "जागा भरली की तुझं बियाणं पहिलं पुसणार."

एकदा सातपुड्याच्या पायथ्याकडून मोतीबाई आली. तापात गेलेल्या लेकीचा एकच फोटो, तोही भिजून फ्रेमच्या काचेला चिकटलेला. भाऊंनी काचेसकट तो स्कॅन केला, वहिनींनी सवयीने प्रत ठेवली. नंतर काच सोडवताना मात्र फोटोचा चेहराच काचेला राहिला. भाऊंनी घाम पुसला आणि बटण दाबलं. पडद्यावर चेहरा लख्ख झाला.

चार दिवसांनी मोतीबाई फोटो न्यायला आली, तर पडद्यावरची लेक तिला ओळखूच येईना. "हाई मनी पोर नही शे, भाऊ. तीट कोठे गई?"

"गालावर डाग होता, काढला."

"डाग नव्हता तो! मी लायेल तीट व्हती."

भाऊंचा चेहरा उतरला. डिस्क भरत आली होती, म्हणून त्याच दिवशी सकाळी त्यांनी बऱ्याच प्रती पुसल्या होत्या. कोणत्या, ते त्यांनाही आठवेना. वहिनी पोरीला छातीशी घट्ट धरून माझ्यासमोर बसल्या आणि उरलेल्या प्रतींतली एक उघडू लागल्या. मी घरघरलो, मध्येच अडकलो. वहिनी पुटपुटल्या, "उघड रे, उघड बाबा." वरून खाली, एकेक ओळ करत चित्र उमटू लागलं. केस. कपाळ. डोळे. आणि गालावर, किंचित वाकडी, काळी तीट.

मोतीबाईने पडद्यावर बोट ठेवलं. मग वहिनींकडे वळून म्हणाली, "काजळ शे का घरमा?"

वहिनींनी लेकीची काजळाची डबी दिली. मोतीबाईने बोटावर काजळ घेऊन माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याला टेकवलं. "तुले बी नजर नको लागाले."

मित्रांनो, आता माझ्याहून वेगवान यंत्रं आलीत. त्यांच्याकडून फोटो करून घ्या, पण आधी एक प्रत जपून ठेवा. आणि कधी या स्टुडिओत आलात, तर माझ्यावरची धूळ खुशाल झटका. उजव्या कोपऱ्यातला काळा ठिपका तेवढा पुसू नका. तो डाग नाही.