जावईबापूंची स्लाइड

घरातल्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालेलं नव्हतं, तरी घरात जावईबापू होते. ते कुत्रा होते. आयतं खायचं, पंख्याखालची जागा अडवायची आणि जरा काही बोललं की रुसून सोफ्यामागे जाऊन बसायचं, यावरून आईने त्यांना हे नाव बहाल केलं होतं.

अलीकडे जावईबापू खांबापाशी पाय वर करून इतका वेळ उभे राहत, की तिथे त्यांचा पुतळाच बसवलाय असं वाटावं. बाबाही बाथरूममध्ये तेवढाच वेळ घेत.

"बाबा, डॉक्टरकडे चला," हे मुलगी वर्षभर सांगत होती.

"आधी याला ने," बाबा शेवटी म्हणाले. "याने मुकाट्याने तपासून घेतलं, तर मीपण येतो. शब्द!"

शब्द देताना बाबा निर्धास्त होते. जावईबापू आजवर तीन पोस्टमन, एक मीटर वाचणारा आणि स्वतःची शेपटी यांना चावले होते. पण प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ते खिडकीबाहेर असे बघत राहिले, जणू मागे जे चाललंय ते दुसऱ्याच कुणाच्या मागे चाललंय. मग गुंगी देऊन त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा एवढासा तुकडा काढला.

मुलगी प्राण्यांचे आजार तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच कामाला होती. असले तुकडे मेणात बसवायचे, पापुद्र्याहून पातळ कापायचे, रंगवून काचेच्या स्लाइडवर चढवायचे, हे तिचं रोजचं काम. हा तुकडाही तिनेच कापला. नेहमीइतकंच जपून. काप फाटला की मोठ्या मॅडम ओरडतात.

मॅडमचा अहवाल आला : कॅन्सर नाही, पण पेशी त्या वाटेला लागल्यात.

"नाही ना? मग झालं तर!" बाबा म्हणाले. "आणि तो गुंगीत होता. झोपेतलं मुकाट्याने धरत नाहीत."

मुलीने वाद घातला नाही. बाबांना स्कूटरवर बसवलं, प्रयोगशाळेत नेलं आणि जावईबापूंची स्लाइड लावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"ही ग्रंथीची भिंत. आतून पेशी नीट रांगेत हव्यात. आहेत?"

बाबांनी तीस वर्षं थिएटरच्या तिकीटखिडकीत काढली होती. रांगेतलं त्यांना कळत होतं.

"छे! ही कसली रांग? एकमेकांच्या डोक्यावर चढलेत मेले. तो जाड्या बघ, तो तर सरळ घुसलाय." ते आणखी वाकले. "पण दार शाबूत आहे."

"अजून आहे. ते फोडून बाहेर पडले, की त्याला कॅन्सर म्हणतात. म्हणून आता जावईबापूंची दर तीन महिन्यांनी तपासणी. अशी गर्दी झाली की तुम्ही काय करायचात?"

"लगेच दोन माणसं उभी करायचो. दार फुटल्यावर कुणाला बोलावून काय..." बाबांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या आतली रांग कशी असेल गं?"

"ते बघायलाच उद्या दहाची वेळ घेतलीय."

"मी हो म्हणायच्या आधीच?"

"मागच्या आठवड्यातच."

दुसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्याच्या पायरीवर जावईबापूंना धरून बसली. अर्ध्या तासाने बाबा बाहेर आले, दंडावर कापसाचा बोळा धरून.

"काय म्हणाले?"

"रक्ताचं परवा कळेल. बाकी मी खिडकीबाहेर बघत होतो." त्यांनी तळहात पुढे केला. "याला तपासून झाल्यावर बिस्कीट मिळालं होतं."

तिने पर्समधून पुडा काढला. जावईबापू लगेच उठून रांगेत उभे राहिले, बाबांच्या पुढे.