एक वीत आणि चार बोटं

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच साली विद्यापीठाने मैदानावरची जुनी मातीची धावपट्टी उखडून लाल रबराची नवी केली. मला सालं जुळ्यांवरून आठवतात. जुळी पाळण्यात होती तेव्हा पट्टी झाली. जुळी रांगायला लागली तेव्हा माझी भाची त्या पट्टीवर पळाली.

ते मैदान मी एकतीस वर्षं राखलं. गवत कापायचं, रेघा मारायच्या, अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे मांडायचे आणि उचलायचे. तिथली पोरं एवढी हुशार की चालतानाही पुस्तक वाचायची आणि माझ्या पाण्याच्या नळीत पाय अडकून पडायची. पळणाऱ्यांना तिथे कोणी विचारत नसे. एक प्राध्यापक तर मुलांना तोंडावर म्हणायचे, "डोकं चालत नाही त्याचे पाय चालतात." माझ्या भाचीचं दोन्ही चालायचं, हेच त्यांना खपलं नाही.

तिला आम्ही नाकतोडी म्हणायचो. सगळी लांबी पायांतच. तिची आई, माझी धाकटी बहीण, त्याच विद्यापीठात परीक्षेच्या हॉलमधली बाकं पुसायची. बाकांवर खरडलेली सूत्रं, शिव्या, खाली चिकटवलेलं च्युइंगम, सगळं खरवडून काढायचं. पोरीला तिथे प्रवेश मिळाला त्या दिवशी बहिणीने घराच्या भिंतीत एक खिळा ठोकला.

"हा कशाला गं?" मी विचारलं.

"पदवीचा कागद टांगायला."

"अगं, अजून पहिला दिवस उजाडायचाय!"

"खिळा आत्ता बसू दे घट्ट, दादा. नंतर घाईत वाकडा लागतो."

आता पट्टीचं सांगतो. नवी पट्टी आखायला मोजणीचे प्राध्यापक स्वतः आले. तीन पायांवर उभं राहणारं यंत्र, हाताखाली दोन सहायक. आतल्या कडेने बोटभर उंच पत्र्याचा कठडा बसवला आणि त्या कठड्यावरून बरोबर चारशे मीटर मोजले. केसाइतकी चूक नव्हती. मी बाजूला उभा होतो, मला राहवलं नाही.

"साहेब, कठड्यावरून कोण पळतं? पाय अडकेल. माप बाहेरून घ्यायचं. एक वीत आणि चार बोटं सोडून."

माझ्या आधी ते मैदान राखणाऱ्या वस्तादांनी मला हे शिकवलं होतं. तेवढ्याच मापाची एक काठी ते मला देऊन गेले होते. पळणाऱ्याचा पाय तिथे पडतो, म्हणून पट्टी तिथे चारशेची असायला हवी. ती काठी मी साहेबांना दाखवली. सहायक हसले. प्राध्यापक हसले नाहीत, ते समजुतीने बोलले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"काका, चारशे म्हणजे चारशे. तुम्ही गवत बघा."

मी गवत बघितलं. ही माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही. त्याच दिवशी आरडाओरडा करायला हवा होता.

पुढे नाकतोडी शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठानेच तिला बाहेरगावी पाच हजार मीटरच्या स्पर्धेला पाठवलं. बस बिघडली, ती एक दिवस उशिरा परतली आणि एक पेपर बुडाला. तिथे एका पेपरात शून्य म्हणजे नाव कमी. खेळाडूंना फेरपरीक्षा मिळायची, पण परीक्षा नियंत्रकांना वाटायचं की पोरं अभ्यास टाळायला पळतात. म्हणून त्यांनी नियम काढला होता: आमच्या मैदानावर, आमच्या माणसांसमोर, ठरलेल्या वेळेत पळून दाखवा, तरच पेपर. पाच हजार मीटरना साडेसतरा मिनिटं.

ती एकटी पळाली. सोबत कोणी नाही, टाळी वाजवायला कोणी नाही. नियंत्रकांचे दोन कारकून घड्याळं घेऊन खुर्च्यांवर, त्यातला एक सँडविच खात होता. साडेबारा फेऱ्या. मी आतल्या गवतात उभा राहून तिचे पाय बघत होतो. एकही पाऊल वाया नव्हतं, कठड्यापासून एक वीत आणि चार बोटांवर पडत होतं. शेवटची फेरी तिने दातओठ खाऊन काढली.

कारकून म्हणाला, "सतरा तेहेतीस. तीन सेकंद कमी पडले."

ती गवतावर बसली, बूट काढले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा, माझ्यात आणखी नव्हतं हो."

तिच्यात होतं. पट्टीतच जास्त होतं. दर फेरीला जवळजवळ दोन मीटर, साडेबारा फेऱ्यांना साडेतेवीस. तेवढं पळायला तिला पाच सेकंद लागतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने बोटाने मातीत गणित करून पाहिलं आणि अनवाणीच उठून उभी राहिली.

मैदानाबद्दल तक्रार मैदान राखणाऱ्यानेच, तीन दिवसांत, लेखी द्यायची असा नियम. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मी सांगितलं, तिने लिहिलं, मी खाली अंगठा उठवला. आम्ही दोघं नियंत्रकांपुढे उभे राहिलो. त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"हे अक्षर ओळखीचं आहे. या मुलीच्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत. स्वतः लिहून मामाचा अंगठा घेतलास?"

"साहेब, बोललो मी, तिने फक्त लिहिलं," मी म्हणालो. "वाटलं तर आत्ता चला, काठी लावून दाखवतो."

"काठी?" त्यांनी चष्मा काढला. "ज्यांनी ती पट्टी आखली त्यांची पुस्तकं इथे शिकवली जातात. तुम्हाला एवढं कळत असतं तर लिहिता आलं नसतं का?"

नाकतोडी म्हणाली, "सर, त्यांना लिहिता येत नाही म्हणून मैदान आखूड होत नाही."

"आखूड नाही गं, लांब," मी म्हणालो.

"तेच!" ती माझ्यावरच ओरडली, आणि मग रडली. नियंत्रकांनी कागदावर लाल शाईने काहीतरी लिहिलं. ती बाहेर आल्यावर मला वाचून दाखवेना. बऱ्याच दिवसांनी सांगितलं: "अर्ज बनावट."

तिचं नाव कमी झालं. ती पार्सलच्या गोदामात लागली, दिवसभर खोकी पत्त्याप्रमाणे वेगळी करायची. संध्याकाळी घरी आली की पाटी माझ्यापुढे आपटायची. "लिहा." माझी बोटं खुरप्याला सरावलेली, खडू मोडायचा. "मामा, हा ढ आहे की बसलेला बेडूक?" मी म्हणायचो, "ढ ला ढच शिकवणार ना!" बहीण चुलीपुढून हसायची. तेवढंच काय ते त्या घरातलं हसू. भिंतीवरच्या खिळ्यावर कोणी काही टांगत नव्हतं, कोणी तो उपटतही नव्हतं.

जुळी तीन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मी माझ्या हाताने अर्ज लिहिला. आठ कागद फाडले. नववा दिला:

"चारशे मीटर कठड्यावर मोजले आहेत. कठड्यावरून कोणी पळत नाही. परत मोजा. माझ्या भाचीचा पेपर घ्या."

या वेळी अक्षर कोणाचं, असं कोणी विचारलं नाही. दोन महिन्यांनी मोजणीचे प्राध्यापक यंत्र घेऊन आले. मी काठी पुढे केली. त्यांनी ती घेतली, कठड्याला लावली, खूण केली आणि तिथून मोजलं. एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर जास्त. काठी परत देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात कठडा एक वीत आणि चार बोटं आत घ्यायचा हुकूम आला. तो मीच उखडला आणि मीच बसवला. एकेक बोल्ट पिळताना मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग पत्र आलं. ते मी स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. मैदानात दुरुस्ती करण्यात आली आहे. सूचनेबद्दल आभार. पूर्वीचे सर्व निकाल कायम राहतील.

पत्र शुक्रवारी आलं. माझी बहीण त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, परीक्षेच्या हॉलमध्ये बाकं पुसताना वारली होती.