आबांची गाठ

माणिकराव गेले. त्यांच्या जलदान विधीला दोन शब्द बोलायचं काम कुसुमच्या वाट्याला आलं. लेक मास्तरीण असताना दुसरं कोण बोलणार? पण कागदावर दोनच ओळी उतरल्या होत्या. आबा लढाईच्या काळात नेव्हीत होते. नंतर बावीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनी विकल्या. तिसरी ओळ तिला पाठ होती, पण ती चारचौघांत वाचण्यासारखी नव्हती: आबा घरी कधी नव्हतेच.

आधी समुद्रानं नेलं, मग एसटीनं. आज जिंतूर, उद्या पिंगळी, परवा कुठं ते कंडक्टरलाच ठाऊक. लहानपणी आबा मशीन टपावर दोरानं आवळून निघाले की ती दारातून धावत सुटायची, अंगणातल्या लिंबामागून सडकेवरची गाडी दिसेनाशी होईतो बघायची आणि परत घरात. आबांनी एकदाही वळून पाहिलं नाही, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

विधीच्या दिवशी दहाच्या गाडीनं पूर्णेला पंधरा-वीस बाया उतरल्या आणि थेट घरी आल्या. एकही ओळखीची नाही. काही बड्या घरच्या, काही मजुरीवर जाणाऱ्या. उन्हातून आल्यात, पाणी द्यावं म्हणून कुसुमनं आडात बादली सोडली. गाठ सुटली आणि बादली बुडाली.

"अगं माय! मानिकरावच्या घरी बादली बुडायलीय?" जिंतूरकडची म्हातारी बायनाबाई पुढं आली. "आमच्या गावात बावीस वर्सांत एक बुडाली न्हाई!"

कुसुमला राग आला. आलेल्या पाहुणीनं असं बोलावं? पण बायनाबाईनं दोर हातात घेतलाही होता.

"मशीन इकायला आले की आदी हिरीवर यायचे. मशीन राहू द्या, गाठ शिका म्हनायचे. जहाजावरची गाठ हाय म्हनं. वल्ली झाली तरी सुटत न्हाई, अन् सोडायची म्हनलं तर लगेच सुटती. पाटलाच्या हिरीवर शिकवली तीच आमच्या हिरीवर. आमाला वायली, येगळी न्हाई."

तिनं दोराला एक फासा घातला. मग टोक त्यातून वर काढत पुटपुटली, "कुसुम दारातून निघाली, लिंबामागनं फिरली, अन् कुसुम परत घरात." बाकीच्या बायांचेही ओठ हलत होते.

"हे काय म्हणालात?"

"गाठ हाय बाई. दोराच्या टोकाला कुसुम म्हनायचं. तेनीच शिकवलं. का गं, रडायलीस?"

"मी कुसुम."

बायनाबाईनं दोर टाकला आणि दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. "तू व्हय! तुझं नाव तर आमी रोज घेतो!"

त्रिशरण-पंचशील झालं. कुसुमनं कागद कमरेला खोचला आणि दोर हातात घेऊन उभी राहिली.

"आबा घरी नसायचे म्हणून मी आयुष्यभर रुसून होते," ती म्हणाली. "ते मला गावोगाव घेऊन फिरत होते, हे मला आज समजलं. त्यांची गाठ मात्र मला येत नाही. तुम्ही शिकवा."

पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा सगळ्या बाया एका सुरात म्हणू लागल्या. कुसुम दारातून निघाली, लिंबामागनं फिरली, घरात आली.

बायनाबाईनं दोर ओढून पाहिला. "बसली," ती म्हणाली.