निसारभाईंचा दुसरा दाब

मित्रांनो, आधी एक सांगून ठेवतो. माझ्या तव्यावर हात ठेवू नका. लाल दिवा बंद दिसला तरी मी आतून अर्धा तास गरम असतो, आणि कुणाला भाजलं तर माफी मागायला मला तोंड नाही. मी एक जुना हीट प्रेस आहे. नाशिकला गंगापूर रोडवर निसारभाईंचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. तिथे मी एकोणीस वर्षं कामाला आहे.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. खाली रबराची गादी, वर जाड तवा, तव्याच्या पोटात तापणारी तार आणि हे सगळं दाबायला एक लांब लोखंडी दांडा, एवढाच माझा देह. गादीवर टी-शर्ट अंथरायचा, त्यावर नक्षी ठेवायची, दांडा खाली ओढायचा, पंधरा आकडे मोजायचे आणि दांडा वर करायचा. माझ्यावर वेळ मोजणारं घड्याळही होतं, पण ते तिसऱ्याच वर्षी बंद पडलं. निसारभाईंनी ते दुरुस्त केलं नाही. ते ओठातल्या ओठात आकडे मोजतात आणि त्यांचा पंधरा कधी चौदा होत नाही.

साधी छपाई काय, कुणीही करतो. निसारभाईंचं नाव झालं ते वरच्या नखऱ्यांमुळे. सोनेरी फॉईल, चांदीचा चुरा, हाताला मखमल लागावी अशी अक्षरं, अंधारात चमकणारं रेडियम, नाहीतर गळ्याभोवती बारीक खडे. ओझरच्या कारखान्यातल्या क्रिकेट टीमपासून पंचवटीतल्या ढोल पथकापर्यंत सगळे आमच्याकडे यायचे. आणि आमच्या दुकानाची एक पद्धत होती. पहिला दाब अक्षराला, दुसरा दाब चमकेला. अक्षर बसलं की त्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दांडा ओढायचा. दुसरा दाब दिल्याशिवाय निसारभाई कुणालाही माल देत नसत. "धुऊन धुऊन कपडा फाटेल, छपाई नाही जाणार," असं ते सांगायचे आणि ते खरंही होतं. त्या वर्षांत मी थोडा शेफारलो होतो, हे कबूल करतो.

मग दुकानात एक नवीन मशीन आलं. ते थेट कापडावर रंग फवारतं. तासाभरात शंभर टी-शर्ट, तेही न तापता! मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्या तव्यावर खोकी आली, खोक्यांवर टिफीन आला, आणि एकदा तर एक मांजर चार दिवस माझ्या गादीवर झोपून गेली. मित्रांनो, रागावून काही उपयोग नसतो. माझा दांडा दुसऱ्याच्या हातात. त्यानं ओढला तर तापायचं, नाही ओढला तर धूळ खायची.

या डिसेंबरात एक दिवस तेजस्विनी मॅडम दुकानात आल्या. त्या अंध मुलींचं वसतिगृह सांभाळतात. त्यांचा दंड धरून एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आली होती. ती वेदिका, इगतपुरीकडच्या एका खेड्यातली. पुण्याला धावण्याच्या स्पर्धा होत्या आणि वसतिगृहातल्या आठ मुली निघाल्या होत्या. सगळ्यांना एकसारखे पांढरे टी-शर्ट हवे होते.

"नाव टाकायचं ना? मराठीत की इंग्लिशमध्ये?" निसारभाईंनी विचारलं.

"दोन्ही नको," वेदिका म्हणाली. "मला वाचता येईल असं टाका. आमचे सगळ्यांचे कपडे सारखेच हायेत. दोरीवरून काढले की कुणीतरी डोळस माणूस येतं आणि हा हिचा, तो तिचा, असं सांगतं. तवर आम्ही उभ्या राहतो. मला ते नाय आवडत. मला माझा मीच शोधायचाय."

निसारभाईंना पफचं आठवलं. पफ म्हणजे एक जाडसर शीट असतं. गरम तव्याखाली ते फुगतं आणि कापडावर उंच उठून बसतं. नवीन मशीनला ते जमत नाही. त्याला तवा लागतो, दाब लागतो, म्हणजे मीच लागतो.

खोकी उतरली. निसारभाईंच्या बायकोनं, अफरीनभाभींनी, ओल्या फडक्यानं माझा तवा पुसला. मला किती बरं वाटलं ते काय सांगू!

शीट मुंबईहून मागवलं. विकणाऱ्यानं फोनवर बजावलं होतं, एकदाच दाबा, जास्त नको. निसारभाई हसून "हो हो" म्हणाले. तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला फोनवरून कोण शिकवणार? शीट बरोबर आठ नावांपुरतंच आलं. ब्रेलमध्ये, म्हणजे बोटानं वाचायच्या लिपीत, वेदिकाच्या नावाची सहा घरं आणि सोळा टिंबं. अफरीनभाभी सुई घेऊन बसल्या आणि प्रत्येक टिंबाभोवतीचा फालतू भाग त्यांनी उचकटून काढला. एका नावाला पाऊण तास लागत होता. त्यांची मान अवघडली, पण एक टिंब हललं नाही.

नमुना म्हणून वेदिकाचाच टी-शर्ट आधी केला. दांडा खाली आला, पंधरा आकडे झाले, दांडा वर गेला, आणि सोळाच्या सोळा टिंबं साबुदाण्यासारखी टरारून उठली. निसारभाईंनी मॅडमना बोलावलं. वेदिका आली आणि तिनं छातीवरच्या ओळीवरून बोट फिरवलं. पहिल्यांदा भरभर, मग हळू.

"वेदिका," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, "वेदिका. काका, हे तर माझं नाव हाय!"

निसारभाईंनी तोंड फिरवलं आणि ते उगीच कात्री शोधू लागले. मित्रांनो, एकोणीस वर्षांत मी हजारो नावं छापली. स्वतःचं नाव वाचून एवढं हरखलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

बाकीचे सातही त्याच दिवशी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती आणि मुली जाता जाता टी-शर्ट घेऊन जाणार होत्या. संध्याकाळी निसारभाईंनी आठही टी-शर्ट टेबलावर मांडले आणि ते मान हलवू लागले. पांढऱ्या कापडावर पांढरी टिंबं. लांबून काहीच दिसत नव्हतं.

"पोरी एवढ्या लांब जाणार, लोक बघणार. अंगावर थोडी चमक तो बनती है ना?" ते भाभींना म्हणाले.

भाभींनाही ते पटलं. ज्यानं मनापासून काम केलंय त्याला ते सजवावंसंही वाटतं. त्यांनी टिंबांच्या वरच्या बाजूला देवनागरीत नाव कापलं, त्यावर सोनेरी फॉईल ठेवली, खाली दोन चांदण्या दिल्या. सगळं आपल्या खिशातून, कुणी न मागता. मग निसारभाईंनी बटर पेपर ठेवला आणि पद्धतीप्रमाणे दुसरा दाब द्यायला माझा दांडा धरला.

माझा तवा हातभर रुंद आहे. त्याला फक्त फॉईल दाबता येत नाही. खाली जे असेल ते सगळं तो दाबतो. हे मला कळत होतं. मला अडकून पडायचं होतं, वायर जाळून घ्यायची होती, दुकानाचे दिवे घालवायचे होते. पण मी चांगला राखलेला, नुकताच पुसलेला, इमानी हीट प्रेस. मी बरोबर तापलो आणि बरोबर दाबलं. पंधरा आकडे. वेदिकाची सोळा टिंबं माझ्याखाली बसत गेली आणि मीच ती बसवली. मग दुसरा टी-शर्ट आला, मग तिसरा. आठही झाले. निसारभाईंनी ते लांब धरून पाहिले. सोनं झळकत होतं. त्यांनी कौतुकानं घड्या घातल्या. त्या माणसाच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं, म्हणून तर माझा जीव जास्त तुटत होता.

दुसऱ्या दिवशी आठही मुली आल्या. दुकानात आलेली गिऱ्हाइकं वळून वळून बघायला लागली. "काय चमकतंय!" एक बाई म्हणाल्या. तेजस्विनी मॅडमनाही टी-शर्ट फार आवडले. निसारभाईंनी वरचा टी-शर्ट वेदिकाच्या हातात दिला. तिनं छातीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. उलटा केला, सुलटा केला.

"काका, हा कोराच हाय."

"नाही बेटा, नीट बघ," निसारभाई म्हणाले आणि त्यांनी स्वतः बोट लावलं. डोळे मिटले आणि पुन्हा लावलं. मग त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांवर गुळगुळीत पट्टा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गारच होतो, तरी मला पोळल्यासारखं झालं.

शीट संपलं होतं. मुंबईहून यायला आठवडा लागणार होता आणि गाडीला दीड तास उरला होता. "माझी चूक झाली. मला वाटलं छान दिसेल," एवढंच ते कसंबसं बोलले.

"छानच दिसत असेल काका," वेदिका म्हणाली. ते तिनं मनापासून म्हटलं आणि निसारभाईंना ते सोसेना.

मग सगळे टी-शर्ट परत टेबलावर ठेवून ते सोनेरी अक्षरांतलं एकेक नाव वाचू लागले. नाव घेतलं की एक हात पुढे यायचा, टी-शर्ट जायचा, "थँक यू काका" यायचं. ज्या गोष्टीतून मुलींची सुटका करायची होती तीच आता त्यांच्या तोंडून होत होती. वेदिकाचा टी-शर्ट मध्येच आला. त्यांनी तिचं नाव घेतलं. ती जागची हलली नाही.

"माझा राहू द्या," ती म्हणाली. "आधी सगळ्यांचे देऊन टाका."

सातही दिले. टेबलावर एक उरला. वेदिकानं पुढे होऊन टेबल चाचपलं आणि टी-शर्ट उचलला.

"आता एकच राहिला ना? मग हा माझा. सांगू नका कुणी."

मुली गेल्या. निसारभाईंनी नवीन शीट मागवलं आहे आणि ते नवीन टी-शर्ट करतील. तेव्हा मी एकदाच दाबेन. पण पुण्याला जायचा दिवस निघून गेला, तो कुठल्या दाबानं परत आणू?

मित्रांनो, मला जीव असून हात नाहीत. तुम्हाला आहेत. कुणासाठी प्रेमानं काही करत असाल तर ते आपल्या डोळ्यांना सुंदर दिसेपर्यंत सजवत बसू नका. आधी ज्याचं आहे त्याच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो काय म्हणतो ते ऐका, आणि मगच, लागलाच तर, दांडा खाली ओढा.